सिम्युलेटरचे ॲसेट एकदा बनवून अनेक शस्त्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर-कामठी भागातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, थ्रीडी शिकणारी मुलं, छोटे स्टुडिओ चालवणारे मित्र आणि फौजेतून निवृत्त झालेले काही उस्ताद (प्रशिक्षक) आम्हाला जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲसेट म्हणजे थ्रीडी मॉडेलच ना?

मॉडेल हा त्याचा एक तुकडा. रणगाड्याचा आकार आणि त्यावरचं टेक्स्चर हे नुसतं दिसणारं झालं. त्याखाली वागणारं असतं: इंजिन किती जोर देतं, गाडी चिखलात कशी घसरते, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) किती वेगाने फिरतं, गोळा कोणत्या वाटेने जातो. आणि त्याही खाली शिकवणारं असतं: धड्यांचा क्रम, कुठल्या चुकीला किती गुण कापायचे, उस्तादाच्या पडद्यावर काय दिसायचं. आवाज, हवामान, झाडं, इमारती, नकाशा हे सगळं ॲसेटच. लोक पुनर्वापर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दिसणाऱ्याबद्दल बोलत असतात. पैसा आणि मेहनत मात्र वागणाऱ्यात आणि शिकवणाऱ्यात जास्त जाते.

२. दर वेळी नवीन का बनवू नये? निदान चूक तरी राहणार नाही.

उलट आहे. नव्या कामात नव्या चुका येतात. दहा तुकड्यांनी वापरून घासलेल्या ॲसेटमधल्या चुका कोणीतरी आधीच पकडलेल्या असतात. वेळ वाचतो हे तर आहेच. शिवाय एकाच टेरेनवर, म्हणजे सिम्युलेटरमधल्या जमिनीवर, ड्रायव्हर, गनर (तोफ चालवणारा) आणि कमांडर तिघेही शिकले की पुढे त्यांना एकत्र सरावाला बसवणं सोपं जातं.

३. गाडी हुबेहूब नसेल तर सराव फुकट जातो का?

नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये बनवलेला लिंक ट्रेनर आठवा. आखूड पंखांची लाकडी पेटी, आत विमानाची उपकरणं. कुठल्याही एका विमानाची ती नक्कल नव्हती. तरीही दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ढगात आणि अंधारात नुसत्या उपकरणांवर विमान चालवायला त्यात शिकले. शिकवायचं होतं ते उपकरण वाचणं, आणि तेवढं त्यात खरं होतं.

अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या सिमनेट प्रकल्पात रणगाड्यांचे सिम्युलेटर संगणकांच्या जाळ्याने जोडले गेले. तिथेही हाच विचार होता: पलटणीला एकत्र लढायला शिकवण्यासाठी जे बटण लागत नाही ते खरं बनवायचंच नाही. म्हणून पहिला प्रश्न “किती हुबेहूब?” हा नसतो. “या धड्यात जवानाने नेमकं काय शिकायचं आहे?” हा असतो. त्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर पुनर्वापराचा निर्णय घेऊ नका. हे आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

४. आमच्याकडे टी-७२ तयार आहे. तोच टी-९० साठी चालेल का?

बराचसा चालेल. टी-९० हा टी-७२ वरूनच घडवलेला रणगाडा आहे. दोन्हींत तीन माणसं, दोन्हींत १२५ मिमीची तोफ, दोन्हींत तळाशी फिरणारं २२ गोळ्यांचं स्वयंचलित लोडर (तोफेत गोळा भरणारं यंत्र). हलची (रणगाड्याच्या धडाची) मूळ मांडणी, साखळ्यांची हालचाल, लोडरचं चक्र, ड्रायव्हरची बसण्याची जागा यांपासून सुरुवात करता येते.

पण तिथेच थांबलात तर ड्रायव्हर चुकीचं शिकेल. टी-७२ एम१ चं इंजिन ७८० अश्वशक्तीचं आणि वजन सुमारे ४१.५ टन. टी-९० चं इंजिन १००० अश्वशक्तीचं आणि वजन सुमारे ४६.५ टन. भागाकार करून पाहा: टनामागे साधारण १९ विरुद्ध २१.५ अश्वशक्ती. चढावर, चिखलात, वळणावर हा फरक पायाला जाणवतो. नुसता रंग आणि टरेट बदलून जुनं इंजिन मॉडेल तसंच ठेवलं, तर पडद्यावर टी-९० दिसेल आणि पायाखाली टी-७२ असेल.

गनरचं काम त्याहून वेगळं. त्याची अख्खी दुनिया दर्शिकेच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, भिंगात असते, आणि तीच या दोन गाड्यांत सगळ्यात जास्त बदलली आहे. टी-९० ला थर्मल दर्शिका आहे, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी. मूळ टी-७२ चं रात्रीचं पाहणं निराळ्या तंत्राचं. म्हणून आमचा नियम असा: ड्रायव्हरच्या धड्यासाठी टी-७२ चं घर (गाडीचं मूळ मॉडेल) घ्या, इंजिन बदला. गनरच्या धड्यासाठी दर्शिका आणि गोळीबाराची नियंत्रणं नव्याने बनवा, बाकी घर तेच ठेवा. बाहेरून दिसणारा शत्रूचा किंवा शेजारचा रणगाडा म्हणून वापरायचा असेल तर आकार आणि थर्मल रूप बरोबर असलं की पुरे. एकाच ॲसेटला तीन धड्यांत तीन वेगळी उत्तरं मिळतात, आणि ही तिन्ही उत्तरं लिहून ठेवायची (प्रश्न १५).

५. मग अर्जुन आणि बीएमपी-२ चं काय?

अर्जुन रणगाड्यात चार माणसं असतात. १२० मिमीच्या तोफेत गोळा हाताने भरला जातो, त्यासाठी वेगळा माणूस (तोही लोडरच) बसतो. टी-७२ मधलं स्वयंचलित लोडरचं चक्र इथे कामाचं नाही. गोळीबाराच्या वेळी कोण काय बोलतं, कोण कोणाला “तयार” म्हणून सांगतं, हा सगळा संवादच वेगळा.

बीएमपी-२, म्हणजे पायदळाला घेऊन लढणारी साखळ्यांची गाडी, हिच्याबद्दल कामठीकडून जास्त प्रश्न येतात. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथेच, आणि गार्ड्सच्या कितीतरी पलटणी मेकनाइज्ड (अशा गाड्यांतून लढणाऱ्या) आहेत, त्यामुळे घराघरात कोणी ना कोणी ही गाडी चालवलेला निघतो. टी-७२ चा ड्रायव्हर दोन दांड्यांनी गाडी वळवतो. बीएमपी-२ चा ड्रायव्हर मोटरसायकलच्या हँडलसारख्या हँडलने. पडद्यावरचा रस्ता, धूळ, खड्डे सगळं तेच ठेवा, पण हातातलं यंत्र तेच ठेवून “सॉफ्टवेअरमध्ये बदललंय” असं म्हणू नका. आवाजाचंही तसंच: बीएमपी-२ चं इंजिन सहा सिलिंडरचं, टी-७२ चं बारा सिलिंडरचं. अनुभवी ड्रायव्हर गियर टाकताना काट्याकडे कमी बघतो, इंजिन जास्त ऐकतो. उसना आवाज त्याला चुकीच्या क्षणी गियर टाकायला शिकवतो.

६. रायफलीत एवढा विचार कशाला? बंदूक ती बंदूक.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

निशाणेबाजीचं मूळ, म्हणजे श्वास, पकड, ट्रिगरवरचा दाब, निशाणाचं चित्र, हे बहुतेक रायफलींत सामाईक आहे. त्यासाठीची रेंज, टार्गेट, वारा, प्रकाश, गुणपत्रक सगळं निःशंक पुन्हा वापरा. गोळीचा मार्ग मात्र प्रत्येक काडतुसाचा वेगळा भरावा लागेल: इन्सास ५.५६ मिमी, एके-२०३ चं काडतूस ७.६२ बाय ३९, सिग ७१६ चं ७.६२ बाय ५१. दोन “७.६२” पाहून एकच तक्ता लावणारे आम्ही पाहिले आहेत. व्यास तोच असला तरी गोळीचा वेग आणि पल्ला वेगळा.

खरा धोका हातांच्या सवयीत आहे. इन्सासचा चेंज लिव्हर (गोळीबाराचा प्रकार निवडायची कळ) डावीकडे, कॉकिंग हँडलही (गोळी चढवायला ओढायची मूठ) डावीकडे. एके घराण्यात दोन्ही उजवीकडे. एकेचा लिव्हर सगळ्यात वर सेफ (गोळी सुटत नाही), मधे ऑटो (सलग गोळ्या) आणि खाली सिंगल (एकेक गोळी) असतो. इन्सासमध्ये सिंगल आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट. आता इन्सासच्या धड्याची सगळी मांडणी उचलून फक्त मॉडेल एके-२०३ चं लावलं, तर काय होईल? एकेवर सेफ काढून लिव्हर एक घर खाली आणणारा जवान सिंगलवर नाही, ऑटोवर पोहोचतो. सिम्युलेटरने त्याला हे दाखवलं नाही, तर ते त्याला रेंजवर कळेल.

एकदा आमच्या टेबलापाशी कामठीचे एक निवृत्त सुभेदार साहेब नमुना तपासायला बसले होते. स्टॉपेज (रायफल अडकणं) आल्यावर त्यांचा डावा हात आपोआप पुढे गेला, जिथे पडद्यावरच्या रायफलीला हँडल नव्हतंच. आम्ही महिनाभर घालवून मॉडेल सुंदर केलं होतं आणि स्टॉपेजचा धडा मात्र जुन्याचा तसाच ठेवला होता. ते शांतपणे म्हणाले, “हात विसरत नाहीत बेटा, त्यांना नवीन शिकवावं लागतं.” त्या दिवसापासून स्टॉपेज आणि इमिजिएट ॲक्शनचे (अडकलेली रायफल लगेच चालू करण्याचे) धडे आम्ही एका शस्त्रावरून दुसऱ्यावर कधीच नकलत नाही. ते नव्याने लिहितो, आणि ते शस्त्र हाताळलेल्या माणसाकडून तपासून घेतो.

मानसशास्त्रात ही जुनी गोष्ट आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं की एका कामातलं शिकणं दुसऱ्यात उतरतं ते दोन्हींतल्या समान घटकांपुरतं. वरवर सारखं आणि आत उलटं असेल तर जुनं शिकणं आडवं येतं.

७. कोणत्या गोष्टी बिनधास्त पुन्हा वापरता येतात?

घरं, पूल, विजेचे खांब, पाऊस, धुकं, दिवस-रात्र, पायी चालणारी माणसं, साध्या नागरी गाड्या, उस्तादाच्या पडद्याची मांडणी, हजेरी आणि निकालाची नोंद. टेरेनही, पण त्याची स्वतःची दुखणी आहेत (प्रश्न ८ आणि ९).

८. राजस्थानच्या वाळवंटाचं टेरेन आहे. वरचं टेक्स्चर बदलून विदर्भ करता येईल?

दिसायला करता येईल, चालवायला नाही. चांगल्या टेरेनमध्ये प्रत्येक तुकड्याला मातीचा एक कोड असतो आणि गाडीचं वागणं तो कोड वाचून ठरतं. वाळूचा कोड ठेवून वर काळा रंग मारलात, तर आपली काळी कापसाची जमीन जुलैतही वाळूसारखीच वागेल. या मातीचा खरा स्वभाव ज्याने ट्रॅक्टर रुतलेला पाहिलाय त्याला सांगायला नको: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर चाकाला थर चढत जाणारा चिकट चिखल. त्यामुळे विदर्भासाठी एकच माती पुरत नाही. कोरडी आणि ओली असे दोन संच लागतात. नागपुरातच पश्चिमेला बेसॉल्ट आणि पूर्वेकडे जुना ग्रॅनाइटी खडक, म्हणजे शहर ओलांडताना जमिनीचा कोड बदलायला हवा.

झाडांचंही तेच. आमच्याकडचं जंगल सागाचं. उन्हाळ्यात साग पानं टाकतो आणि पावसाळ्यात दाट होतो. मे महिन्यात जिथून पाचशे मीटरवरची गाडी दिसेल तिथून ऑगस्टमध्ये पन्नास मीटरही दिसणार नाही. टेहळणीचा धडा असेल तर ऋतू हाच धडा आहे. काटोल-वरुडकडच्या संत्र्याच्या बागा मात्र बारमाही हिरव्या आणि सरळ ओळीत, त्यांना जंगलाचं झाड लावू नका.

थर्मल दर्शिकेसाठी आणखी एक भानगड: नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारचा खडक आणि गाडीचं अंग यांतला फरक पुसट होतो. थंड प्रदेशासाठी बनवलेलं थर्मल टेक्स्चर इथे वापरलं तर गनरला लक्ष्य फार सहज सापडेल आणि त्याचा आत्मविश्वास खोटा वाढेल.

९. उसन्या टेरेनवर आमच्या गाड्या हवेत तरंगतात, नाहीतर जमिनीत गडप होतात. का?

तीन ठिकाणी बघा.

पहिलं, उंची कशापासून मोजली आहे. जीपीएसची मूळ उंची एका गणिती लंबगोलापासून असते, नकाशावरची समुद्रसपाटीपासून. भारतात समुद्रसपाटीचा हा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे, मध्य भारतात पन्नास मीटरांहून जास्त. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. टेरेन एका पद्धतीत आणि गाडी दुसऱ्या पद्धतीत असेल तर गाडी पंधरा मजले वर किंवा खाली जाणारच. सगळीकडे हाच ठराविक फरक येत असेल तर रोग हाच.

दुसरं, अक्ष आणि माप. ओपनफ्लाइट या थ्रीडी फाइलमध्ये झेड अक्ष वर असतो, जीएलटीएफ फाइल आणि युनिटी या गेम इंजिनमध्ये वाय वर, अनरियल या दुसऱ्या गेम इंजिनमध्ये झेड वर पण माप सेंटिमीटरमध्ये. सिम्युलेटर एकमेकांना जोडायच्या डिस मानकात तर गाडीचा झेड अक्ष खाली जमिनीकडे असतो. गाडी कुशीवर पडलेली दिसली तर अक्ष, आणि शंभरपट मोठी दिसली तर माप.

तिसरं, नकाशाचा पट्टा. यूटीएम ही नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी पद्धत. नागपूर आणि वर्धा तिच्या ४४ व्या पट्ट्यात आहेत, अमरावती ४३ व्या. ७८ अंश रेखावृत्त नागपूरच्या पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटरवर आहे. त्या रेषेवरून जाणारा सराव आखलात आणि दोन तुकडे आपापल्या पट्ट्यात ठेवलेत, तर रस्ता मधेच तुटतो. लांबचा सराव असेल तर सगळं पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या निर्देशांकांत ठेवा.

१०. फाइल कोणत्या स्वरूपात ठेवावी?

मूळ संपादनाची फाइल कायम जपा, ती सगळ्यात महत्त्वाची. देवाणघेवाणीसाठी जीएलटीएफ सोयीचं आहे, ते २०२२ पासून आयएसओ मानकही आहे. जुन्या लष्करी सिम्युलेटरना ओपनफ्लाइट लागतं: फिरणारे भाग आणि तुटलेली-जळलेली रूपं त्यात नीट बांधता येतात. मोठ्या भूप्रदेशासाठी ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सीडीबी मानक पाहा. एका गेम इंजिनच्या बंद पॅकेजमध्येच सगळं ठेवलेला ॲसेट पुढच्या वेळी उघडेलच याची खात्री नसते.

११. दोन ठिकाणचे सिम्युलेटर जोडले. आमचा रणगाडा तिकडे ट्रक दिसतो.

मॉडेल बरोबर आहे, ओळखपत्र चुकलं आहे. डिस मानकात, म्हणजे आयईईई १२७८ मध्ये, चित्र पाठवलं जात नाही. सात आकड्यांची ओळख पाठवली जाते: प्रकार, क्षेत्र, देश, वर्ग, उपवर्ग, विशिष्ट आणि जादा. समोरचा सिम्युलेटर ती ओळख वाचून आपल्याकडचं मॉडेल काढतो. जुन्या ॲसेटची नक्कल करून नवी गाडी बनवताना हे सात आकडे बदलायचे राहून जातात. आकड्यांची यादी सिसो ही सिम्युलेशनची मानकं ठरवणारी संस्था सांभाळते. दोन्ही बाजूंनी यादीची एकच आवृत्ती घ्यावी. टरेट आणि तोफेच्या नळीचा कोन वेगळा जातो, त्यामुळे टरेट उलटं दिसत असेल तर प्रश्न ९ मधले अक्ष तपासा.

१२. गेमसाठी विकत घेतलेलं मॉडेल लष्करी प्रशिक्षणात चालतं का?

परवाना वाचल्याशिवाय नाही. काही परवाने फक्त बातमी-लेखनापुरते असतात, काही फक्त अव्यावसायिक वापरासाठी, काहींत मूळ फाइल ग्राहकाला देता येत नाही. सरकारी कामात ग्राहक बहुधा मूळ फाइल मागतो, तिथेच अडतं. शिवाय गेममधली गाडी डोळ्यांसाठी घडवलेली असते, तिची मापं खरी असतीलच असं नाही.

१३. मी फ्रीलान्स मॉडेल बनवून दिलं. त्यांनी ते दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये वापरलं. हक्क कोणाचा?

प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणतः नोकरी देणारी कंपनी. फ्रीलान्स कामाचा हक्क लेखी करारात दिला नसेल तर बहुतेक वेळा करणाऱ्याकडे राहतो. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही “कोणकोणत्या सिम्युलेटरमध्ये, किती वर्षं, बदल करायचा हक्क कोणाला” हे सुरुवातीलाच लिहावं. वाद उभा राहिलाच असेल तर वकिलाला कागद दाखवा.

१४. कामठीला घर आहे. जाता-येता लष्करी गाड्यांचे फोटो काढून मॉडेल बनवू का?

नाही. छावणीच्या आतले, ताफ्याचे, बंदी असलेल्या जागांचे फोटो काढू नका. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आजही लागू आहे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची अधिकृत चित्रं, उत्पादकांची माहितीपत्रकं, आणि अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय यांतून शिकायला भरपूर मिळतं. संग्रहालयात मोजमाप घ्यायचं असेल तर आधी परवानगी विचारा. खऱ्या प्रकल्पात लागणारी माहिती ग्राहक स्वतः देतो आणि ती कुठे ठेवायची तेही सांगतो. नकाशांबाबत २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा: आडव्यात १ मीटर आणि उभ्यात ३ मीटरपेक्षा सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांनीच तयार करायची आणि भारतातच साठवायची असते.

१५. ॲसेटसोबत काय लिहून ठेवावं?

एक पान पुरतं, पण ते असलंच पाहिजे. माहिती कुठून घेतली, कोणत्या आवृत्तीच्या गाडीची, कोणत्या धड्यासाठी तपासली, कोणी तपासली, कधी. आणि सगळ्यात उपयोगी ओळ: “यासाठी वापरू नये.” उदाहरणार्थ, “बाहेरून दिसणारं लक्ष्य म्हणून तपासलं आहे. ड्रायव्हर प्रशिक्षणासाठी वापरू नये.” आमच्याकडे हे पान नसलेला ॲसेट सामाईक फोल्डरमध्ये जात नाही, तो कितीही देखणा असो.

१६. देखभालीच्या प्रशिक्षणासाठी कारखान्याची कॅड फाइल थेट वापरता येईल?

थेट नाही. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या कारखानी आरेखनात, प्रत्येक नटाचे आटे असतात, ते सिम्युलेटरला पेलत नाहीत. हलकं करताना बाहेरचं कवच जपणारी साधनं नेमके आतले क्लिप आणि सील उडवतात, आणि मेकॅनिकला तेच हवे असतात. आधी उघडण्याचा क्रम लिहा, त्या क्रमात हात लागणारे भाग वेगळे काढा, मग बाकीचं हलकं करा. संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सिम्युलेटर वापराचा जो आराखडा काढला, त्यात लढणाऱ्यांबरोबर देखभाल करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. या कामाकडे मुलांचं लक्ष कमी जातं याचं वाईट वाटतं. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच नागपुरातल्या वायुसेनानगरात आहे.

१७. उसन्या ॲसेटवर शिकलेला जवान खरंच शिकला, हे कसं कळेल?

खऱ्या साहित्यावर बसवूनच. एक सोपं गणित आहे. समजा सिम्युलेटरशिवाय ड्रायव्हर १० तासांत तयार होतो. ६ तास सिम्युलेटरवर बसलेला ७ तासांत झाला. वाचले ३, खर्चले ६, म्हणजे गुणोत्तर ०.५. हे पहिल्या गाडीवर काढलेलं गुणोत्तर दुसऱ्या गाडीला लावू नका, तिथे पुन्हा मोजा. आकडा शून्याखाली गेला, म्हणजे सिम्युलेटरवर बसलेल्याला जास्त वेळ लागला, तर जुनी सवय आडवी येते आहे. तेव्हा प्रश्न ६ कडे परत या.

१८. परदेशी ग्राहक आमचा जुना ॲसेट मागतो. पाठवू का?

मॉडेल साधं वाटलं तरी आधी स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी, बघा. तिच्या सहाव्या वर्गात लष्करी साहित्य आहे आणि लष्करी प्रशिक्षणाची, सिम्युलेशनची खास साधनंही त्यात मोडतात. या वर्गाच्या निर्यातीची परवानगी संरक्षण उत्पादन विभागाकडून घ्यावी लागते. ईमेलने किंवा क्लाउडवरून पाठवलं तरी ती निर्यातच.

१९. सामाईक टेरेनमध्ये चूक सापडून ती दुरुस्त केली. त्यावर चालणारे सगळे जुने धडे पुन्हा तपासायचे का?

सगळे नाही, पण कोणते ते आधी ठरवायला हवं. एक टेकडी चार मीटरने खाली आली की तिच्यामागे लपलेलं लक्ष्य उघडं पडतं, आणि गनरचा तो धडा अचानक सोपा होतो. ड्रायव्हरच्या धड्याला तिथे काहीच फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक धडा टेरेनच्या कोणत्या आवृत्तीवर मंजूर झाला ते प्रश्न १५ मधल्या पानावर लिहा, आणि दुरुस्तीच्या परिसरातून दृष्टिरेषा जाणारे धडे तेवढे उस्तादांकडून पुन्हा चालवून घ्या. तुकडीचा कोर्स अर्धा झालेला असेल तर त्या तुकडीला जुन्याच आवृत्तीवर पूर्ण करू द्या, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या परीक्षेचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. अपवाद एकच: चूक सुरक्षिततेची असेल, जसं पुलाची वजन पेलण्याची मर्यादा जास्त दाखवली गेली होती, तर कोर्स थांबवून त्याच दिवशी आवृत्ती बदला आणि त्या पुलावरून गेलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला बोलावून सांगा.